उलटी लावलेली लेन्स

मला बघायला पाहुणे आले तेव्हा माझ्या होणाऱ्या थोरल्या दिरांनी एकच प्रश्न विचारला. "डिग्रीचं सर्टिफिकेट ओरिजिनल हातात आलंय, का अजून प्रोव्हिजनलच आहे?" माझे वडील कौतुकाने आत गेले आणि फाईल घेऊन आले. संगमनेरच्या कॉलेजातून मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. दिरांनी ते प्लास्टिकमधलं सर्टिफिकेट उजेडाकडे धरून पाहिलं, नोट खरी का खोटी बघतात तसं, आणि धाकट्या भावाकडे वळून म्हणाले, "चांगलं आहे." आम्हाला वाटलं, शिकलेल्या मुलीची कदर असलेली माणसं आहेत.

कदर होतीच, त्यात खोटं काही नाही. राहात्याजवळ त्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. कीटकनाशकं विकायची तर परवान्यावर शेतीची नाहीतर विज्ञानाची पदवी असलेलं माणूस हवं, असा सरकारचा नियम झाला होता, आणि दोघे भाऊ बारावीच्या पुढे गेले नव्हते. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात माझं सर्टिफिकेट फ्रेम होऊन दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लागलं. त्याच्याखाली माझी खुर्ची. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तपासणीला साहेब कधीही येतात, आणि आले की परवान्यावरचं माणूस समोर दिसलं पाहिजे. माहेरी जायचं तर सुट्टीचा दिवस बघून, तोही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा तिला जावेकडे ठेवून मी पुन्हा खुर्चीवर आले. कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त रोज सकाळी मिस्टर गाडी काढून दारात उभे राहायचे आणि हॉर्न वाजवायचे.

घरात थोरले दीर माझ्याशी बोलत नसत. आमच्याकडे तशी रीतच होती; काही सांगायचं असलं तर जावेमार्फत. दुकानात मात्र ते मला 'मॅडम' म्हणत. "मॅडमला दाखवा," "मॅडमला विचारा." गिऱ्हाईक समोर आलं की आमचं नातं बदलायचं.

माझ्या धाकट्या भावाचा संगमनेरला फोटो स्टुडिओ आहे. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला, मुलीचे फोटो काढायला म्हणून. मुलीचे काढलेच. पण दुकानात काय काढणार? एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यात कुणीतरी वापरून परत आणलेला पिवळा चिकट सापळा पडला होता. शेतात लावतात ते पिवळं कार्ड, त्याला गोंद असतो, बारीक किडे येऊन चिकटतात. त्यावर काळे-पांढरे शेकडो ठिपके होते. मी फोटो काढला तर ठिपकेच आले. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लेन्स काढ आणि उलटी लावून बघ. रिंग मिळते, पाठवतो. तोवर हाताने धर."

मी लेन्स काढली, उलटी करून हाताने कॅमेऱ्याला दाबून धरली आणि डोळा लावला. आधी नुसता पिवळा धूर. मग मी जराशी पुढे वाकले आणि त्या धुरातून एकदम एक पाय वर आला. काटेरी, सांधे असलेला, पारदर्शक. त्यामागे डोळा, तुतीच्या फळासारखा दाण्यादाण्यांचा. पांढरी माशी होती ती, साबुदाण्याच्या दाण्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. तिचे पंख गोंदात पसरले होते आणि ती अजून जिवंत होती. पुढचा एक पाय उचलायची, ठेवायची, उचलायची. मी श्वास सोडला तर ती पुन्हा धुरात गेली. उलट्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा भाग केसाएवढा जाड असतो. आपलं अंग बोटाच्या पेरभर हललं की सगळं जातं. त्या दुपारी मी किती वेळ श्वास रोखून वाकले होते मला माहीत नाही. एक गिऱ्हाईक येऊन दोनदा खाकरलं तेव्हा मी वर पाहिलं.

मग सकाळचा नेमच झाला. घरामागे आमचा पेरूचा छोटा प्लॉट आहे. दव असेपर्यंत किडे जड असतात, उडत नाहीत. मी सातला डबे करून प्लॉटमध्ये जायची. दह्याच्या पांढऱ्या डब्याचं बूड कापून फ्लॅशवर बसवलं, म्हणजे उजेड मऊ पडतो. पानाच्या पाठीवर नाकतोड्याचं पिल्लू, फांदीवर काट्यासारखा बसलेला किडा, कोळिणीच्या पाठीवर तिची पोरं. एका मुंगीने मावा किड्याच्या पाठीवर मिशी हळूच टेकवली तेव्हा मावा किड्याने गोड थेंब बाहेर सोडला, आणि थेंबात मला उलटं झालेलं अख्खं झाड दिसलं. कॉलेजात हे सगळं पुस्तकातल्या काळ्या रेघांत पाठ केलं होतं. आता ते श्वास घेताना दिसत होतं. नऊला परत यायचं, आंघोळ, पावणेदहाला हॉर्न.

हे फोटो मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघत बसायची, तेव्हा गिऱ्हाईकंही काउंटरवरून वाकून बघायला लागली. मग ती पानं घेऊन येऊ लागली. पिशवीत, रुमालात, कुणी शर्टाच्या खिशात. "मॅडम, ह्ये काय हाय, जरा कॅमेऱ्यात बगा." मी फोटो काढायची, मोठा करून दाखवायची. फुलकिडे, लाल कोळी, तुडतुडे. शेतकरी डोळे मोठे करून म्हणायचा, "आयला, ह्यो एवढा राक्षस हाय व्हय!" आणि मी नाव सांगून संपवायच्या आत थोरले दीर मागच्या मांडणीवरून बाटली काढून काउंटरवर ठेवायचे.

पहिले काही महिने मला त्याचं काही वाटलं नाही. दुकानच होतं ते. पण हळूहळू असं झालं की सकाळी प्लॉटमध्ये एखाद्या किड्याच्या डोळ्यावर फोकस लागला की मला बाटलीचं झाकण दिसायचं. कुठला किडा, कुठली बाटली. मी ज्याच्याकडे इतका वेळ श्वास रोखून पाहायची, त्याचं पुढे काय व्हायचं ते मला ठाऊक असायचं. गावोगावच्या ग्रुपवर माझे फोटो फिरायला लागले. दीर खूश होते. "मॅडमच्या कॅमेऱ्याने दुकान उभं केलं," असं ते मिस्टरांना म्हणाले. ते मला जावेने सांगितलं.

दसऱ्याच्या आधी दुकानावर नवा फ्लेक्स लागला. मी सकाळी गाडीवरून उतरले आणि वर पाहिलं. दुकानाच्या रुंदीएवढी एक माशी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, तपकिरी झळाळते डोळे. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'शत्रूला ओळखा! फळमाशीचा एकच इलाज.' खाली औषधाची बाटली.

फोटो माझा होता, त्या पावसाळ्यात काढलेला. झेंडूच्या फुलावर ही माशी हवेत एका जागी थांबते, तिला धरायला मला चार सकाळी गेल्या होत्या. पण ती फळमाशी नव्हती. ती फुलांवरची माशी, तिची अळी मावा खाते. शेतकऱ्याचं फुकटात काम करणारा जीव. फ्लेक्सवाल्याला फाईलमधला सगळ्यांत देखणा फोटो हवा होता, त्याने तो उचलला.

मी मिस्टरांना म्हणाले, "ही ती माशी नाही. हिला मारायला सांगतोय आपण."

ते म्हणाले, "कुणाला कळतंय? माशीसारखी माशी."

"मला कळतंय. आणि आत माझं सर्टिफिकेट लटकतंय."

"दादांना सांगतो," ते म्हणाले. सांगितलंही असेल. फ्लेक्स तसाच राहिला. रोज दहाला मी त्याच्याखालून आत जायची आणि सहाला त्याच्याखालून बाहेर यायची.

थंडी सुरू झाली तेव्हा एक मावशी आल्या. वय साठीचं, तीन-चार किलोमीटरवर त्यांचा पेरूचा प्लॉट. मुलगा कारखान्यात कामाला, शेत त्याच बघायच्या. त्यांनी पिशवीतून एक फांदी काढली. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण होता. हा किडा रस पितो, फळ काळं चिकट करतो. आमच्या भागात सगळे त्याला घाबरतात.

"मॅडम, मागच्या आटवड्यात बारका हुता," मावशी म्हणाल्या. "आता ह्ये बगा, केवढाले झालेत. आन् पळत्यात बी. मी आजवर पळणारा ढेकूण बगितला न्हाई."

खरंच, त्यांतले काही मोठे होते, पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असलेले. आणि ते चालत होते. दीर तेवढ्यात बाटली घेऊन आले. "मावशी, हे जरा जहाल आहे, पण एका फवाऱ्यात साफ." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मावशी, आज फवारू नका. मला प्लॉट बघू द्या."

दीर हसले. "मॅडम, फांदी समोर आहे की."

फांदी वाटेत हिंदकळली होती, किडे पांगले होते. फोटोत मला फक्त झिपऱ्या दिसत होत्या, तोंड दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दीर बँकेत गेले आणि मिस्टर गोडाऊनला माल उतरवत होते. मी काउंटरवरच्या मुलीला, ती आमच्याकडे बिलं करायची, म्हणाले, "अर्ध्या तासात येते." तिचीच स्कूटी घेतली आणि निघाले. लग्नानंतर त्या वेळी, कामाच्या दिवशी, भर उन्हात मी पहिल्यांदा त्या रस्त्यावर होते. मला आठवतं, उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि मी उगाचच जोरात चालवत होते.

मावशींनी मला आतल्या ओळीत नेलं. मी झाडाखाली पालथी झाले, कोपर मातीत रुतवलं, उलटी लेन्स पानाच्या बेचक्याजवळ नेली. पांढऱ्या झिपऱ्यांचा ढीग. त्यातून एक पुढे सरकला. मी श्वास धरला. त्याने डोकं खाली घातलं आणि एका खऱ्या ढेकणाला पोटाजवळ धरलं. मी पेरभर पुढे झाले. जबडे दिसले. ढेकणाला जबडे नसतात, त्याला सोंड असते. हा चावत होता. ढेकूण हळूहळू रिकामा होत चालला होता, टोचलेल्या फुग्यासारखा.

कमरेला खोचलेला फोन थरथरला. मी उचलला नाही. पुन्हा थरथरला. उचलला असता तर कोपर हललं असतं. मी एकामागून एक फोटो काढत राहिले, केसाकेसाने पुढे सरकत, जबड्यापासून मिशीपर्यंत. मग उठून मावशींना कॅमेऱ्यामागचा पडदा दाखवला.

"ह्यो त्याला खातोय?"

"खातोय. ही एका भुंग्याची अळी आहे. ढेकणासारखा वेश घेऊन ढेकणातच राहते. औषध मारलं तर आधी हीच मरेल."

मावशी बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजा पोरगा हसंल मला. पन न्हाई मारत."

फोनवर सात मिस्ड कॉल होते. मिस्टरांचे. शेवटी मेसेज. 'साहेब आलेत.'

मी पोचले तेव्हा माझ्या कोपरांना माती होती आणि साडीला कुसळं. साहेब चहा पीत बसले होते. वयस्कर, सौम्य माणूस. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, कुठे होतात?"

"प्लॉट बघायला गेले होते."

"चांगलं आहे. पण परवाना दुकानाला आहे, प्लॉटला नाही." आणि वहीत शेरा लिहिला. पुन्हा असं आढळलं तर कारवाई होईल असा. थोरले दीर बाजूला उभे होते, हात जोडलेले, चेहरा उतरलेला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते घरात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. दुकानात 'तुम्ही' म्हणणारे दीर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून 'तू' म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "दोन घरं त्या खुर्चीवर चालतात. तू शिकलेली आहेस, तुला जास्त सांगायला नको. सकाळी काय ते फोटो काढ. दहाच्या पुढे खुर्ची सोडायची नाही. आणि माल नको असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही." माझ्या हातात कणीक होती. मी मळत राहिले. उत्तर सुचलं ते झोपताना, आणि तेव्हा ते ऐकायला फक्त मिस्टर होते.

"दुकानदारांसाठी वर्षभराचा कोर्स असतो," मी म्हणाले. "आठवड्यातून एक दिवस वर्ग. पास झालात की परवान्यावर तुमचं नाव लागेल. मग मला त्या खुर्चीतून उठता येईल."

ते म्हणाले, "मला अभ्यास जमायचा नाही गं."

"मी घेते."

आणि मी घेतला. वर्षभर संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघं ओट्याजवळ पुस्तक घेऊन बसायचो, मुलगी तिच्या वह्या घेऊन शेजारी. किडींची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून मी माझे फोटो दाखवायची. पायांकडे बघा, सोंड आहे का जबडे आहेत बघा, पंख दोन का चार. एका संध्याकाळी ते फुलमाशी आणि फळमाशीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत होते. एकदम म्हणाले, "अगं, आपल्या बोर्डावर चुकीची माशी आहे!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वर्षभरापूर्वी हेच मी त्यांना सांगितलं होतं, हे त्यांना आठवतही नव्हतं. राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी फक्त "हो ना," म्हणाले.

त्याच दिवसांत माझ्या कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. निवृत्तीला आल्या होत्या. माझे फोटो त्यांच्यापर्यंत कुठूनतरी पोचले होते. कॉलेजात या भागातल्या किड्यांचा संग्रह करायचा होता. "आठवड्यातून दोन दिवस येशील? मुलांना हे उलट्या लेन्सचं शिकव." मी म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्यापर्यंत थांबा. उन्हाळ्यात मी मोकळी होते." हे वाक्य उच्चारताना मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी माहेरच्या एसटीचं वेळापत्रक मोबाईलमध्ये काढून ठेवलं होतं.

मिस्टर पास झाले. मी पेढे केले. त्यांचंही सर्टिफिकेट फ्रेम झालं. थोरले दीर ते हातात घेऊन जेवणाच्या ताटावर बसले आणि म्हणाले, "आता घरात दोन डिग्र्या झाल्या. चौफुलीवर गाळा बघून ठेवलाय. दुसरं दुकान टाकू."

मी वाढत होते. पळी आमटीत तशीच राहिली. मी मिस्टरांकडे पाहिलं. ते भात कालवत होते.

नंतर खोलीत मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? दादांनी गाळा घेऊनसुद्धा टाकला."

"आणि मी?"

ते पलंगाच्या कडेवर बसले. "मलापण दहा ते सहा बसायचंय आता तिथं," ते म्हणाले. "आपण दोघं सारखेच झालो बघ." ते समजूत काढत होते की तक्रार करत होते, मला कळलं नाही. मी कॉलेजच्या मॅडमना दोन दिवसांनी फोन केला. त्या म्हणाल्या, "असू दे गं, संसार असतो." त्यांनी दुसरं कुणीतरी बघितलं.

फ्लेक्स पुढच्या उन्हात फाटला आणि उतरला. आता तिथे ट्रॅक्टरचं चित्र आहे.

मावशींनी त्या थंडीत फवारलं नव्हतं. आतल्या ओळींतला ढेकूण महिन्याभरात बराच गेला. रस्त्याकडच्या ओळीत मुंग्या होत्या, त्या ढेकणाची राखण करतात, तिथे अळीचं काही चाललं नाही. तिथल्या फांद्या त्यांनी छाटल्या. तेवढीच फळं गेली. त्या सांगायला आल्या तेव्हा दीर समोरच बसले होते, म्हणून त्या काउंटरवर वाकून हळूच बोलल्या. मी माझ्याजवळचं कॉलेजातलं छोटं भिंग त्यांना दिलं. तेव्हापासून त्या पानं घेऊन येत नाहीत. स्वतःच बघतात आणि कधी कधी फोन करतात.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. माझ्यासमोर दोन गिऱ्हाईकं उभी होती.

"मॅडम, औंदा बी ती झिपऱ्यावाली आली हुती, तिचं काय झालं बगा. पानाला चिकटून बसली हुती, आता त्यातनं काळा भुंगा निगालाय. एवढासा, मसुरीएवढा. डोकं तांबडं हाय."

"हो मावशी, तीच ती. मोठी झाली."

"लई ग्वाड दिसतोय. फोटो काडायला येता का?"

"सहानंतर येते."

"सहाला अंधार पडतोय की वो आता."

"हो," मी म्हणाले. "पडतो." समोरच्या गिऱ्हाइकाने पिशवीतून वांग्याचं पान काढून काउंटरवर ठेवलं होतं. मी फोन बाजूला ठेवला आणि पान उलटं करून पाहिलं.